अवेळची घंटा

आमच्या शाळेचे गुरुजी मुलांकडून रोज दोन गोष्टी घोकून घ्यायचे. एक पाढे आणि दुसरी खोटं बोलणं.

शाळा डोळखांबच्या पुढे, डांबरी रस्ता संपतो तिथल्या एका पाड्यावर. दोन खोल्या आणि दोन शिक्षक. एक ते, मुख्याध्यापक. दुसरी मी, आटगावाहून जीपमध्ये कोंबून घेऊन येणारी, डी.एड.ची पुस्तकं अजून डोक्यात ताजी असलेली. माझ्या पहिल्याच दिवशी प्रार्थना झाली, प्रतिज्ञा झाली, आणि गुरुजींनी छडी काखेत मारली, पोट पुढे काढलं आणि भलताच आवाज लावून मुलांना विचारलं, "काय रे, जंगलात कोण कोण जातं?"

सगळी शाळा एका सुरात म्हणाली, "नाय साहेब, आमी जंगलात जात नाय."

"मग चुलीला लाकूड कुठलं?"

"बांधावरचं, साहेब."

"आणि त्या डोंगरावर काय आहे?"

"आमाला ठावं नाय, साहेब."

मग पोट आत गेलं, छडी खाली आली आणि गुरुजी नेहमीच्या आवाजात म्हणाले, "बसा. साताचा पाढा."

तो डोंगर माझ्या पाठीमागच्या खिडकीतून दिसत होता. पाड्यातलं सगळं सरपण तिथलं. पावसाळ्यातल्या रानभाज्या, मोहाची फुलं, घराच्या कुडाला लागणारी कारवी, सगळं तिथलं. वरच्या सपाटीवर वाघदेवाचा शेंदूर लावलेला दगड होता आणि वाघबारशीला अख्खा पाडा नारळ आणि खीर घेऊन तिथे जायचा. फार कशाला, शाळेची खिचडी शिजवणारी बुधीबाई ज्या लाकडांवर ती शिजवायची, ती लाकडंही त्याच डोंगराची. म्हणजे मुलं एकीकडे डोंगर माहीत नाही म्हणत होती आणि दुसरीकडे त्याच डोंगराच्या धुरानं त्यांचे डोळे चुरचुरत होते.

दुपारी मी गुरुजींना म्हटलं की हे काही बरं नाही, लहान मुलांना आपण काय शिकवतो आहोत. ते नाचणीच्या भाकरीचा घास सावकाश चावत राहिले. मग म्हणाले, "बाई, तुम्ही नव्या आहात. इथे खरं बोलणाऱ्याचा कोयता जप्त होतो."

पुढे तुकड्यातुकड्यांनी कळलं ते असं. गुरुजी या शाळेवर नवे आले तेव्हा एका पोरीनं जंगलखात्याच्या गार्डला सरळ सांगितलं होतं, की हो, आई डोंगरावर गेली आहे, मोळी आणायला. गार्डानं तिच्या आईला वाटेतच गाठलं, मोळी टाकायला लावली, कोयता घेतला आणि दिवसभर ऑफिसच्या अंगणात बसवून ठेवलं. पोरगी शाळेत बसून होती. तिला समजेना की आपण खरं बोललो तर सगळे आपल्याकडे असे का बघतात. गुरुजींनी त्या दिवसापासून हा पाठ सुरू केला आणि त्याच्या जोडीला घंटा.

आमची घंटा म्हणजे रुळाचा तुकडा. कसाऱ्याला रेल्वेत काम करणाऱ्या कुणा ओळखीच्याकडून त्यांनी तो मिळवला होता आणि शाळेपुढच्या आंब्याला तारेनं टांगला होता. शाळा भरताना, मधल्या सुट्टीला आणि सुटताना ती वाजायची. याखेरीज केव्हाही वाजली की पाड्यानं समजायचं, खाकी आली. मग मोळ्या पालापाचोळ्याखाली जायच्या, कोयते छपरात खोचले जायचे आणि माणसं तोंड मिटून ओटीवर बसायची. मी तीनदा-चारदा हे पाहिलं. गार्ड येऊन, चहा पिऊन, हात हलवत परत जायचा. गुरुजी त्याला वाटेपर्यंत सोडायला जायचे आणि येताना शीळ वाजवायचे.

बाकी खोट्याचा त्यांना भयंकर तिटकारा होता. गृहपाठ घरी राहिला म्हणणाऱ्या मुलाला ते घरी पाठवून वही आणायला लावत, मग ते घर ओढ्यापलीकडे का असेना. मी एकदा जीप उशिरा आली असं सांगितलं तर त्यांनी जीपवाल्याला विचारून खात्री केली आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. खोटं फक्त खाकीपुढे, इतर कुठेही नाही, असा त्यांचा कायदा होता. तो ते स्वतः इतक्या कडकपणे पाळत की त्यांच्यासोबत काम करणं म्हणजे शिक्षाच होती.

आणि गर्विष्ठही होते. कुणी म्हणतो माझी इतकी मुलं स्कॉलरशिपला लागली, तसं ते येईल त्याला सांगत, "माझ्या पाड्यावर एकाच्याही नावावर जंगलाचा गुन्हा नाही." केंद्रप्रमुखांना सांगत, पोलिओचा डोस द्यायला येणाऱ्या नर्सला सांगत. पलीकडच्या पाड्यावरच्या माणसांना दंड झाले होते, दोघातिघांवर केसही होती. तिथल्या शिक्षकाचं नाव निघालं की आमचे गुरुजी नाक मुरडत. "नुसता पगार खातो. लोकांना सांभाळता येत नाही त्याला."

वृक्षारोपणाची त्यांची तऱ्हा तर विचारूच नका. दर पावसाळ्यात वरून रोपं यायची, शाळेमागच्या त्याच खड्ड्यांत लावायची, फोटो काढायचा आणि पाठवायचा. गुरुजींनी त्या रोपांना पटावर घेतलं. दर सोमवारी मुलांना खड्ड्यांपाशी उभं करून ते हजेरी घ्यायचे. खड्डा पहिला? "मेला, गुरुजी." खड्डा दुसरा? "बकरीनं खाल्ला, गुरुजी." खड्डा तिसरा? "हजर, पन आजारी हाय." एकदा तपासणीचे साहेब नेमके सोमवारी आले. त्यांनी ती हजेरी शेवटपर्यंत ऐकली आणि चहा न घेता निघून गेले. त्या वर्षी गुरुजींची वेतनवाढ अडकली, पण हजेरी चालूच राहिली.

डोंगराच्या पायथ्याला करवंदीच्या जाळीखाली ते चपला काढून ठेवत आणि अनवाणी वर जात. वाघदेव सपाटीवर आहे, मग खालीच चपला कशाला काढायच्या, असं मी विचारलं होतं. ते म्हणाले, "घराच्या आत देव्हारा असतो म्हणून आपण देव्हाऱ्यापाशी चपला काढतो का? उंबऱ्यालाच काढतो ना?" मूळचे मुरबाडकडचे शेतकऱ्याघरचे, बायको-मुलं तिकडेच. शनिवारी एसटीनं जायचे आणि रविवारी संध्याकाळीच परत. त्यांची बायको मला एकदा फोनवर म्हणाली होती, "तुमच्या गुरुजींना सांगा, डोंगर त्यांच्या बापाचा नाय. घरचा पत्रा गळतोय तो आधी बघा म्हनावं."

गुरुजींच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी सरकारला निसर्गाचा कळवळा आला.

उजाड डोंगरांवर पुन्हा रान वाढवायचं आणि जनतेला फिरायला हिरवी जागा खुली करायची, असं धोरण होतं. दोन्ही गोष्टी ऐकायला चांगल्या होत्या. आणि त्यात एक कलम होतं, ते तर फारच चांगलं होतं. योजनेत घेण्याआधी प्रत्येक डोंगराची पाहणी होणार. जिथे लोकांचा वापर आढळेल तिथे आधी गावाचा हक्क मान्य होणार आणि मग गावाला विचारून योजना. वापर नसेल तो डोंगर सरळ योजनेत. गुरुजींनी ते पत्रक मला दोनदा वाचून दाखवलं. इतके खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "बाई, आता खरं बोलायचे दिवस आले."

पाहणीच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी पाडा गोळा केला आणि नव्यानं पाठ घेतला. पुन्हा पोट पुढे, पुन्हा तो आवाज, "जंगलात कोण जातं?" आणि लोकांनी म्हणायचं, "आमी जातो, साहेब." पण लोकांना हसूच आवरेना. म्हाताऱ्या बाया तोंडावर पदर घेऊन हसत होत्या, बापे एकमेकांना कोपरानं ढोसत होते. बुधीबाई म्हणाली, "गुरुजी, इतकी वर्सं नाय म्हनायला शिकवलंत, आता एका सांजंत हो कसं शिकावं?" तरी शेवटी जमलं. दोनदा सगळे मिळून मोठ्यानं म्हणाले. गुरुजींनी मला दुसऱ्या दिवशी, रविवार असूनही, मुद्दाम बोलावलं होतं.

पाहणीची माणसं सांगितल्या वेळेच्या बरीच आधी आली. एक तरुण मॅडम, हातात टॅब घेतलेली. तिच्याबरोबर दोन साहेब आणि मागे, रस्ता दाखवायला म्हणून, गार्ड. पाड्यात चिटपाखरू नव्हतं. कुणी शेतावर, कुणी डोंगरावर. मॅडम घड्याळ बघून म्हणाली की अजून दोन पाडे करायचे आहेत, लोकांना लवकर बोलावता येईल का? आणि गुरुजी उत्साहानं उठले, लोखंडी दांडा घेतला आणि आंब्याखाली जाऊन घंटा बडवायला लागले.

मला कळलं तेव्हा चार-पाच टोल होऊन गेले होते. मी ओट्यावरून उतरून त्यांच्याकडे निघाले, पण आता थांबवून उपयोग नव्हता. डोंगराच्या उतारावर बाया धावताना दिसत होत्या. एकीनं डोक्यावरची मोळी ओढ्यात लोटली. खालच्या घरातला म्हातारा कोयता छपरात खोचत होता. गुरुजींचं तिकडे लक्ष नव्हतं. ते टोल देत होते आणि मॅडमकडे बघून हसत होते.

माणसं आली ती रिकाम्या हातांनी आणि मिटल्या तोंडांनी. ओळीनं बसली. मॅडमनं पहिलं बुधीबाईला विचारलं, अगदी मायेनं विचारलं, की आजी, तुम्ही या डोंगरावर जाता का? बुधीबाईनं मॅडमकडे पाहिलं, मग मागे उभ्या गार्डाकडे. मग तिनं गुरुजींकडे पाहिलं. त्यांच्या हातात दांडा तसाच होता.

"नाय साहेब," ती म्हणाली, "आमी जंगलात जात नाय."

मग एकामागून एक सगळे तेच म्हणाले. लाकूड बांधावरचं. डोंगरावर काय ते ठावं नाय. वाघदेव? ऐकलंय, पाह्यला नाय. गुरुजी मध्ये पडले, म्हणाले हे सगळे खोटं बोलतायत, रोज जातात, मी शपथेवर सांगतो. मॅडम हसून म्हणाली, "गुरुजी, प्लीज, त्यांना उत्तरं सुचवू नका. लोकांचं म्हणणं लोकांकडूनच यायला हवं." तिचं काहीही चुकलं नव्हतं. तिनं प्रत्येकाचं बोलणं जसंच्या तसं टॅबवर घेतलं, सगळ्यांना नमस्कार केला आणि पुढच्या पाड्याला गेली. मग गुरुजींनी हातातल्या दांड्याकडे पाहिलं, आंब्याकडे पाहिलं आणि ते तिथेच मुळावर बसले. मी पाणी नेऊन दिलं, ते त्यांनी घेतलं नाही.

पाड्यानं त्यांना एका शब्दानं बोल लावला नाही. दुसऱ्या दिवशी खिचडी ढवळता ढवळता बुधीबाई एवढंच म्हणाली, "घंटा वाजली नं, गुरुजी."

शहापूरला तहसील ऑफिसात हरकत द्यायला आम्ही दोघं गेलो. तिथला क्लार्क वाईट नव्हता. त्यानं खुर्ची दिली आणि म्हणाला की जबाब राहू द्या, दुसरा पुरावा आणा. डोंगर वापरल्याचं काही सरकारदप्तरी असेल ना? जुना दंड, जप्तीची पावती, एखादा गुन्हा? मागच्या वर्षापर्यंत जी गोष्ट येईल त्याला छाती पुढे काढून सांगत होते, ती गुरुजींनी त्याला खाली मान घालून सांगितली. आमच्या पाड्यावर एकाच्याही नावावर गुन्हा नाही. क्लार्क म्हणाला, मग कसं व्हायचं?

बाहेर टपरीवर त्यांनी दोन चहा सांगितले. मग म्हणाले, "बाई, मी ह्यांना फार स्वच्छ ठेवलं."

पलीकडच्या पाड्याला त्यांचा डोंगर मिळाला. त्यांच्याकडे दंडाच्या पावत्या होत्या, केस होती, तारीख-वारासकट सरकारनंच लिहून ठेवलेलं होतं की ही माणसं जंगलात जातात. ज्याला आमचे गुरुजी नुसता पगार खातो म्हणत, तो शिक्षक पेढे घेऊन आला. गुरुजींनी पेढा घेतला, खाल्ला आणि त्याचं अभिनंदन केलं. तो गेल्यावर त्यांनी मुलांना बाहेर सोडलं आणि दार लावून घेतलं.

मग आमच्या डोंगराला तारेची जाळी लागली. पायथ्याची करवंदाची जाळी काढून तिथे गेट आलं, तिकिटाची खिडकी आली, गाड्या लावायला सपाट जागा आली. निसर्ग उद्यान. जनतेसाठी खुलं. जनता ठाण्याहून, नाशिकहून गाड्यांनी यायची, चढावर फोटो काढायची आणि खाली येऊन कणसं खायची. तसं पाड्यालाही बंदी नव्हती हो. आधारकार्ड दाखवलं की स्थानिकांना तिकिटात सवलत होती. फक्त कोयता, टोपली न्यायची नाही आणि आतली काडीसुद्धा बाहेर आणायची नाही. ज्या बायांनी जन्मभर त्या वाटेवर काटे तुडवले, त्यांनी सवलतीचं तिकीट काढून आत जावं आणि रिकाम्या हातानं परत यावं, हे ज्या डोक्यातून निघालं त्याला मी नमस्कार करते. बाया पलीकडच्या अंगाला, जाळी जिथे ओढ्यात वाकली आहे तिथून आत जायला लागल्या. पूर्वी त्या चोर नव्हत्या, आता झाल्या.

गुरुजी निवृत्त झाले आणि मुरबाडला गेले नाहीत. बुधीबाईच्या पडवीत राहिले. त्यांनी मनाशी ठरवलं होतं, आपल्या नावावर एक गुन्हा करून घ्यायचा. एक जरी गुन्हा नोंदला गेला तरी सरकारदप्तरी येईल की या पाड्यातला माणूस या डोंगरावरून लाकूड आणतो. मग त्या धाग्यानं पुढचं बघू. ज्येष्ठ नागरिक म्हणून त्यांना आत फुकट सोडत. पांढरा सदरा-लेंगा घालून, चपला गेटपाशी काढून ते आत जात, मोळी बांधत आणि भर दुपारी, पर्यटकांच्या देखत, ती डोक्यावर घेऊन गेटातून बाहेर येत. खिडकीपाशी थांबून म्हणत, "मी लाकूड तोडलं. माझ्यावर गुन्हा नोंदवा."

गेटावरचा गार्ड नवा, शिकलेला मुलगा होता. तो उठून उभा राही. म्हणे, "गुरुजी, आता तसं राहिलं नाही. धोरण लोकाभिमुख आहे. आम्ही गुन्हे नोंदवत नाही, प्रबोधन करतो." आणि मोळी उतरवून घेऊन त्यांना पाणी देई. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. शेवटी तिथे पाटी लागली, की गेटापाशी चपला काढू नयेत.

एकदा कुणा साहेबानं त्यांचा मोळीसकट फोटो काढला. बऱ्याच उशिरानं झालेल्या उद्घाटनाच्या दिवशी मंडप घातला होता, त्यात गुरुजींना बोलावून शाल-श्रीफळ देण्यात आलं. सुका पालापाचोळा गोळा करून वणव्यापासून रान वाचवणारे ज्येष्ठ नागरिक म्हणून. मी तेव्हा शहापूरजवळच्या शाळेत बदलून गेले होते, पण मुद्दाम आले होते. गुरुजींनी माईक हातात घेतला आणि सावकाश, वर्गात शिकवत तसं सांगितलं की मी पालापाचोळा गोळा करत नाही, मी लाकूड चोरतो. मी चोर आहे आणि हा सगळा पाडा पिढ्यान्‌पिढ्या या डोंगरावरून लाकूड आणत आला आहे. लोक आधी हसले, मग त्यांनी टाळ्या वाजवल्या. पाहुणे आपल्या भाषणात म्हणाले की असा विनोदी स्वभाव या वयातही टिकवणं सोपं नसतं.

गुरुजी मंचावरून उतरले आणि शाल त्यांनी माझ्या हातात दिली. ती अजून माझ्याकडे आहे, आणि मी ती एकदाही वापरलेली नाही.

त्या वर्षी वाघबारशीला अंधार पडायच्या आत गेट बंद झालं. गुरं घरी आल्याशिवाय वाघदेवाची पूजा होत नाही, आणि गुरं घरी येतात तेव्हा गेट बंद होतं. पाड्यानं ओढ्यातला एक दगड आणून गेटाबाहेर मांडला, त्याला शेंदूर लावला आणि त्याच्यापुढे खीर ठेवली. गुरुजी लांब उभे राहिले. बुधीबाईनं द्रोण पुढे केला तर म्हणाले, "मला नको. माझ्यामुळे तो आत अडकला." थंडीत त्यांनी अंथरूण धरलं तेव्हा मुलगा येऊन त्यांना मुरबाडला घेऊन गेला. जायच्या आधी मी भेटले. तेव्हा म्हणाले, "तो रूळ उतरवा आणि धरणाच्या पाण्यात टाका. कुणाच्या हाती देऊ नका." मी सरपंचांना जाऊन सांगितलं. ते हो म्हणाले. पंधरवड्यात गुरुजी गेले. पुढच्या जूनमध्ये पटसंख्या कमी म्हणून शाळा बंद झाली आणि शाळेचं सामान पंचायतीनं ज्याला हवं त्याला देऊन टाकलं.

गेल्या हिवाळ्यात ठाण्याच्या नातलगांना उद्यान बघायचं होतं म्हणून मी गेले. तिकीट काढलं. आत शिरताच मोठा फलक आहे, त्यावर रानाची माहिती आहे आणि पहिलंच वाक्य असं आहे, की या डोंगरावर पूर्वी मानवी वापर नव्हता. त्याच्याच खाली मोळी घेतलेल्या गुरुजींचा फोटो. नातलगांनी त्याच्यापाशी उभं राहून सेल्फी काढला. मला तिथे थांबवेना. त्यांना वर पाठवलं आणि मी बुधीबाईकडे जाऊन बसले.

तिनं कोरा चहा केला. गुडघे गेलेत, सून आणते आता सरपण, म्हणाली. पडवीत मोळी उभी होती, ताजीच. सूर्य कलायला लागला आणि खालून टोल ऐकू आला. तो आवाज मी झोपेतही ओळखीन. गेट बंद व्हायची वेळ झाली म्हणून पर्यटकांना खाली बोलावायला त्यांनी आमचा रूळ टांगला आहे.

बुधीबाई गुडघ्यांवर हात देत उठली आणि मोळी आतल्या अंधारात ओढायला लागली. मी म्हटलं, अहो बुधीबाई, बसा, ती गेट बंद व्हायची घंटा आहे, इकडे कुणी येत नाही.

"ठावं हाय, बाई. रोज याच टायमाला वाजते." तिनं मोळीवर गोणपाट टाकलं आणि कडा नीट खोचल्या. "आन मी रोज लपवते. गुरुजींची घंटा हाय ती, खोटी कशी वाजंल? बघा की, कोन वाजवतंय."

मी पडवीच्या कडेला येऊन पाहिलं. खाली गेटापाशी खाकीतला तो मुलगा दांडा घेऊन टोल देत होता.